शवासनातली राखण

४ सप्टेंबर

मास्तरांच्या कपाटात ही वही सापडली. पहिल्या पानावर त्यांनी आपलं नाव घातलं आहे, शेषगिरी, आणि पुढे सगळी कोरी. नाव खोडलं नाही. त्याच्याखालीच लिहिते आहे. मैसूरचं निम्मं सरस्वतीपुरम त्यांना मास्तर म्हणायचं, तेव्हा लग्नानंतर वर्षभरात मीही म्हणू लागले. ते माघात गेले. सात महिने झाले.

आज राममंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष वर्गाच्या आधीच जिन्यात उभे होते. भला माणूस आहे, नजर वर करून बोलत नाही. म्हणाले, जलजाक्षम्मा, सकाळचा हॉल तुम्ही पुढे चालवणार की नाही ते विजयादशमीपर्यंत सांगा. एक तरुण योगशिक्षक विचारून गेला आहे. तुम्ही नाही म्हणालात तर त्याला देऊ. मी बरं म्हटलं.

एकतीस वर्षं तिथे आमचा वर्ग चालतो. त्यातली एकोणतीस वर्षं मी मागच्या ओळीत फिरून बायकांचे गुडघे सरळ करत होते. मास्तर आजारी पडल्यापासून पुढे उभी राहते आहे. ते उभे राहिले की हॉल भरल्यासारखा वाटायचा. माझ्यामागची भिंत दिसते.

शर्वाणीचा शिमोग्याहून रोज फोन येतो. अम्मा, खोली रिकामी आहे, तू ये. खोली रिकामी आहे हे खरं. मी थकले आहे हेही खरं.

७ सप्टेंबर

हे लिहून ठेवायला हवं.

वर्गाच्या शेवटी शवासन असतं. दहा मिनिटं सगळ्यांनी प्रेतासारखं पडायचं. मास्तरांचा नियम होता की शिकवणाऱ्याने तेव्हा आडवं व्हायचं नाही. "मसणात सगळेच मेले तर राखणार कोण?" असं ते म्हणायचे आणि नव्या बायका दचकायच्या. मग पितळी घंटा वाजवायची, आणि सगळ्यांनी उजव्या कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन सावकाश उठायचं.

मी उन्हाळ्यापासून आडवी होते. कंबर मागते. डोळे मिटलेले असले तरी मी जागीच असते. अकरा जणांचे श्वास ऐकू येतात, आधी अकरा तऱ्हांचे, मग हळूहळू एका चालीवर. हल्ली रोज होतं तेच आजही झालं, ते एका चालीवर आले आणि मी डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये कोणी नव्हतं. सव्वासातला वर्ग सुटतो. घड्याळात सात पन्नास झाले होते. घंटा मी सवयीने वाजवली असणार, नाहीतर लोक उठतील कसे? चिंतनात वेळेचं भान जातं असं मी वाचलं आहे.

अंगावर कोणाची तरी हिरवी शाल होती. विसरून गेली असेल.

चिक्कण्णा तेवढा दाराशी भिंतीला टेकून बसला होता. मैसूर-मंगळूर रात्रीच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर, अध्यक्षांचा मेव्हणा. मी उठले तसा तोही उठला, "येतो अम्मा" म्हणाला आणि चपला हातात घेऊन गेला. जिन्यावर भजनाच्या बायका बसल्या होत्या. साडेसातपासून हॉल त्यांचा. त्यांची पुढारी कुमुदम्मा माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. कुमुदम्मा गप्प बसते म्हणजे गोष्ट गंभीर आहे.

१२ सप्टेंबर

पार्वतक्काची कंबर धरली आहे. देवळापुढे फुलं विकते, दिवसभर मांडी घालून बसते, म्हणून मी आधी तिकडे बोट दाखवलं. पण बँकेतल्या मुलीचंही तेच, आणि परवा आणखी एकाने तेच सांगितलं. तिघांचीही दुखायची जागा एकच, माकडहाडाच्या वर चार बोटं. तिघंही माझ्याच वर्गातले. मास्तरांच्या वेळी कोणाची पाठ दुखली तर ती वर्गात यायच्या आधी दुखायची.

येताना रिक्षावाल्याला डावीकडे म्हणून उजवा हात दाखवला. समोर उभं राहून शिकवायचं म्हणजे तोंडाने उजवा म्हणायचं आणि हात डावा उचलायचा, म्हणजे बघणाऱ्याला आरशासारखं दिसतं. तीच खोड रस्त्यावर येते. तो म्हणाला, "अज्जी, एकतर बोला नाहीतर दाखवा, दोन्ही करू नका." हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१४ सप्टेंबर, अमावास्या

अमावास्या-पौर्णिमेला वर्ग नसतो. डोकं सकाळपासून जड आहे. असल्या दिवशी नेहमीच असतं.

मास्तरांचे पंचे काढले. चौदा निघाले, धुऊन धुऊन लोण्यासारखे झालेले. बोहारणीला द्यायला मन होईना, घडी घालून पुन्हा ठेवायलाही होईना. मग ठरवलं की वर्गातल्या प्रत्येकासाठी शवासनात डोळ्यांवर ठेवायची उशी शिवायची. आत जवस आणि वाळा. अकरा उशा. जाताना द्यायला बऱ्या.

जाताना असं लिहिलं गेलं. अजून कुठे ठरलं आहे?

शेवटच्या दोन महिन्यांत मी मास्तरांचे श्वास मोजायचे. मिनिटाला अठ्ठावीस, कधी बत्तीस. झोपले तर मोजणी चुकेल म्हणून झोपायचे नाही. आता घरात मोजायला काही नाही. पंखा आहे, पण त्याला काय मोजणार?

१५ सप्टेंबर

पहिली उशी बिघडली. जवस गच्च भरलं, ती नाकावरून घरंगळून पडते. अर्धी रिकामी ठेवली तरच डोळ्यांच्या खाचेत नीट बसते. शिवणही दुहेरी हवी. रात्रभरात जवसाचे दाणे जमिनीवर सांडले होते आणि सकाळी मुंग्यांची रांग लागली.

१९ सप्टेंबर

गौरी-गणेश. वर्ष झालं नाही, तेव्हा आमच्या घरात सण नाही. शेजारून पुरणाचे कडबू आले. दोन खाल्ले. शर्वाणी फोनवर म्हणाली, तिथे एकटी बसून काय करतेस? खरं सांगितलं, उसवते आहे आणि शिवते आहे. ती रडली. मला रडू आलं नाही, सुईत दोरा घालायचा होता.

२५ सप्टेंबर

आज जरा मन दुखलं.

घंटा फळीवर नव्हती. चिक्कण्णाच्या चटईशेजारी सापडली आणि तिच्या आतल्या लोलकाला रुमाल गुंडाळून घट्ट गाठ मारलेली. मास्तरांची घंटा आहे ती, नंजनगूडच्या जत्रेत घेतलेली. कोणाला तिचा आवाज खुपतो? माझी घंटा आवडत नाही तर तोंडावर सांगा. गाठ सोडली, रुमाल तिथेच ठेवला. रुमालाला बिडीचा वास होता.

हल्ली मी आत शिरले की बोलणं थांबतं. सहाला सगळे आपापल्या चटईवर ताठ उभे राहतात, शाळेतल्यासारखे. पूर्वी वर्ग सुटल्यावर लोक अर्धा तास रेंगाळायचे, कॉफीला ओढून न्यायचे, सुनांच्या कागाळ्या सांगायचे. आता डोळे उघडावेत तर हॉल रिकामा. माझ्याशी बोलायला नको म्हणून पाय न वाजवता निघून जातात. चिक्कण्णा मात्र रोज शेवटपर्यंत दाराशी. मला आता कळतं आहे, अध्यक्षांनी मेव्हण्याला बघायला बसवलं आहे. म्हातारीला जमतं का, किती वाजता सोडते, काय चुकते. बघू दे. त्यात खोटं काय आहे?

आज शाल होती ती निळी.

२९ सप्टेंबर, पौर्णिमा

वर्ग नाही. वाचनालयातून पाठीच्या कण्यावरचं जाड पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीपर्यंत, पण मास्तरांकडे येणारं प्रत्येक पुस्तक मी भाजी चिरताना उघडं ठेवून वाचलेलं आहे. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं. याही पुस्तकात बऱ्याच रेघा मारून झाल्या, खोडून परत द्यायला हवं. पाठ दुखण्याची कारणं सांगताना एक पूर्ण पान एवढ्यावरच आहे की निजलेल्या माणसाने पाठीवरून थेट उठून बसू नये, आधी कुशीवर वळावं. हे तर आम्ही दोघं एकतीस वर्षं घसा कोरडा होईस्तोवर सांगत आलो. तेव्हा कारण ते नाही. दुसरं काहीतरी माझ्या शिकवण्यात आहे आणि मला ते दिसत नाही.

पुस्तक मिटलं. डोळ्यांत खडे गेल्यासारखं होतं आहे.

६ ऑक्टोबर

ठरवलं. शिमोग्याला जायचं. विजयादशमीचा वर्ग शेवटचा. त्या दिवशी उशा देईन आणि सांगेन.

लोकांची पाठ बिघडवून वर्ग चालवण्यात अर्थ नाही. पार्वतक्का आज पुढे वाकताना तोंड दाबून कण्हली. दुखतंय तर घरी का थांबत नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "टीचर, मी नाही आले तर एक कमी होईल ना." फुलं मोजून मोजून तिला सगळंच मोजायची सवय लागली आहे.

अध्यक्षांना अजून कळवलं नाही. शर्वाणीला कळवलं. तिने लगेच खोलीला रंग द्यायला माणूस बोलावला.

१५ ऑक्टोबर

आजपासून नवरात्र. गल्लीत घरोघर दसऱ्याच्या पूजेच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या. माझ्या लग्नातले लाकडी राजा-राणी यंदा पेटीतच. एकदा झाकण उघडून पाहिलं. मागच्या वर्षी शिवलेले कपडे अंगावर तसेच आहेत. झाकण लावलं.

आठ उशा झाल्या. चिक्कण्णाच्या उशीत मूठभर जवस जास्त घातलं. डोकं मोठं आहे त्याचं. बघायला बसवलेला माणूस असला तरी उशी सगळ्यांना सारखी मिळायला हवी.

२१ ऑक्टोबर

अकरा पूर्ण. शेवटच्या उशीला पंच्याचा काठ आला, लाल, कापता आला नाही तेव्हा तसाच घेतला. ती पार्वतक्काला.

वर्गात आज डोळे उघडले तेव्हा आठ वाजून गेले होते. मला वाटतं चिंतन खोल होत चाललं आहे. सोडायच्या वेळी व्हावं हे.

२३ ऑक्टोबर

आयुधपूजा. यंदा आमच्यात पूजा नाही. शिलाई मशीन पुसलं आणि तेल घातलं. वर्गाला सुट्टी होती. रस्त्यावर बसगाड्या केळीचे खुंट बांधून उभ्या आणि चाकांखाली लिंबं. चिक्कण्णा डेपोत कोहळा फोडायला गेला असेल. निवृत्त झाला तरी तो मान त्याचाच आहे.

संध्याकाळी देवळात गेले. भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीचा द्रोण हातात देत कुमुदम्मा म्हणाली, "जाणार म्हणे तू शिमोग्याला."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? शर्वाणीने रंगाऱ्याला सांगितलं आणि तो हिच्या भाच्याच्या ओळखीतला निघाला. शिमोगा लांब असेल, पण कुमुदम्मापासून लांब असं काही नसतं.

"जा बाई," ती म्हणाली. "आम्हाला एकदा आत बसून गाता येईल. पाच महिने झाले, झांजा पिशवीत आहेत माझ्या."

मी म्हटलं, झांजा का पिशवीत?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी थट्टाच करते आहे. "तू आत घोरतेस आणि तुझा तो ड्रायव्हर दारात बसतो, तोंडावर बोट ठेवून. तेरा बायका आम्ही जिन्यावर बसून रामनाम पुटपुटतो, चोरून बिडी ओढावी तसं. मी पहिल्या दिवशी भांडले त्याच्याशी. तर म्हणतो काय, अक्का, बाई वर्षभर झोपलेली नाही. आता यावर काय बोलायचं? माझा रामही जिन्यावर बसला."

मी म्हटलं, मी झोपत नाही, चिंतन करते.

"हो," कुमुदम्मा म्हणाली, "चिंतनात तोंड उघडं असतं तुझं."

घरी येऊन बसले आहे. कोसंबरी तशीच आहे. मागची पानं चाळली. शाल हिरवी, शाल निळी. लोलकाला रुमाल. मीच लिहिलं आहे सगळं, माझ्याच हाताने.

लाज वाटते आहे. दुसरं जे वाटतं आहे त्याला शब्द सापडला नाही.

२४ ऑक्टोबर, विजयादशमी

पिशवीत उशा घेऊन गेले. मनात ठरवलं होतं, आज जागी राहायचं, स्वतः घंटा वाजवायची, उशा द्यायच्या, हात जोडायचे आणि संपवायचं.

शवासनाला आडवी झाले. सोपं नव्हतं. श्वास एका चालीवर यायला लागले तशी मी जिभेचं टोक दातांत धरलं. मग दाराकडून अनवाणी पावलं आली. चिक्कण्णा आडवा झालेलाच नव्हता. त्याने लोलक मुठीत धरून फळीवरून घंटा उचलली, ती वाजली नाही. आणि तो प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावत गेला, बसमधल्या प्रवाशांना त्यांचं गाव आलं म्हणून उठवावं तसा.

पापण्यांच्या फटीतून पाहिलं. आमच्या चटया लव्हाळ्याच्या आहेत. कूस बदलली की करकरतात. म्हणून कोणीच कूस बदलली नाही. दहाच्या दहा माणसं श्वास रोखून, पोट आवळून, पाठीवरून थेट उठत होती. पार्वतक्का अर्ध्यावर अडकली. एक हात कमरेवर, दुसरा तोंडावर. बँकेतली मुलगी शाल घेऊन चवड्यांवर माझ्याकडे येत होती.

पाच महिने, आठवड्यातले सहा दिवस. पुस्तकातलं ते अख्खं पान माझ्यासमोर उठून बसत होतं, आणि मी आपल्या शिकवण्यात चूक शोधत होते.

"उजव्या कुशीवर," मी उठून उभी राहत म्हटलं.

मुलगी होती तिथे थांबली. मग सगळे पुन्हा आडवे झाले, पार्वतक्कासुद्धा, डोळे गच्च मिटून. मुलगीही शालीसकट जवळच्या चटईवर पडली, ती चटई माझी होती.

"गुडघे वर घ्या. उजव्या कुशीवर वळा. आवाज झाला तरी चालेल."

चटया करकरल्या. दहा चटयांचा आवाज एकदम झाला. वाळलेल्या उसातून गाई गेल्यासारखा.

"डावा तळवा जमिनीवर. हाताने शरीर उचला. डोकं सगळ्यांत शेवटी. पार्वतक्का, डोकं शेवटी."

जिन्यावरचं पुटपुटणं थांबलं. दार किलकिलं झालं आणि कुमुदम्माचं तोंड आत आलं. "उठली का? मग आम्ही आत यायचं की पुन्हा निजणार आहे ती?"

चिक्कण्णाने तिला बोट दाखवलं, तोंडावर. सवयीने.

उशा वाटल्या. योजलेलं भाषण आलं नाही. एवढंच म्हटलं की मास्तरांच्या पंच्यांच्या आहेत, ओल्या करू नका, जवसाला मोड येतील. पार्वतक्काने काठाची उशी हुंगली आणि पदरात बांधली. चिक्कण्णाने आपली दोन्ही हातांत घेतली, तोलून पाहिली आणि परत माझ्यापुढे धरली.

"मला नको अम्मा."

का, असं मी विचारलं. तुझ्यात जवस जास्त आहे म्हटलं.

"मी कुठे आडवा होतो? एकाने जागं राहायचं असतं, मास्तर म्हणायचे." मग उशी तशीच पुढे धरून म्हणाला, "चौतीस वर्षं शिराडी घाट रात्री उतरलो. मागे पन्नास माणसं झोपलेली असायची. ती झोपली की मला बरं वाटायचं. निवृत्त झाल्यापासून मागे कोणी झोपलेलं नव्हतं."

मी उशी परत घेतली.

अध्यक्ष खाली देवळाच्या पायरीवर दसऱ्याची बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटत होते. त्यांना सांगितलं, वर्ग चालवते. वेळ तेवढी सहाऐवजी साडेपाच करून द्या. कुमुदम्माला हॉल साडेसातला मिळायला हवा, झांजांसकट. त्यांनी पानं दिली आणि नजर वर केली. मेव्हण्याने त्यांना कधीच काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना फक्त मी गेले तर तो दिवसभर घरी बसेल ही काळजी होती, असं त्यांच्या बायकोने मला मागाहून सांगितलं.

शर्वाणीला फोन केला. रंगाऱ्याचे दोन दिवस फुकट गेले म्हणून ती आधी चिडली. मग म्हणाली, खोली आहेच. मी म्हटलं, असू दे. सुट्टीत येईन.

२६ ऑक्टोबर

साडेपाचला अंधार असतो. तरी अकराही आले. कुरकुर सगळ्यांनी केली, पार्वतक्काने सर्वांत जास्त. तिची फुलं साडेपाचला उतरतात, नातवाला बसवून आली.

आज सगळे कुशीवर वळून उठले. मला हे चिक्कण्णाने सांगितलं. मी पाहिलं नाही.

२८ ऑक्टोबर, पौर्णिमा

आज वर्ग नाही. उद्या रविवार, म्हणून उद्याही नाही. चिक्कण्णाची उशी मीच ठेवली आहे. मोठी होते, कानापर्यंत येते. घरी दुपारी ती डोळ्यांवर ठेवून पडून पाहिलं. वाळ्याचा वास चांगला येतो, पण झोप आली नाही. पंखा फिरत होता.

सोमवारी साडेपाचला वर्ग आहे.